गवयाने मंडळी सोडावी काय?

जी मंडळी आपणांस लहानाचे मोठे करते, आपला गळा तयार करते आणि चार लोकांत आपले नाव करून देते, ती सोडून एखादा गायक स्वतंत्र उभा राहिला, तर त्यास कृतघ्न म्हणावे की धाडसी म्हणावे, हा वाद आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. आमच्या विद्यालयात मात्र तो निराळ्याच निमित्ताने ऐकू येतो. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गांतील विद्यार्थी आणि विद्यार्थिनी कोरिया देशातील गायकांविषयी इतक्या आवेशाने भांडत असतात की, एवढा आवेश इतिहासाच्या तासाला दिसता तर शिक्षकांस धन्यता वाटली असती! अमक्याने आपला संच सोडावयास नको होता, तमकीने सोडला हे उत्तम केले, पण मग ती नाटकांत कशाला गेली, असा एकंदर त्या वादाचा रोख असतो. वडील मंडळी हे ऐकून कपाळास आठ्या घालतात. आम्हांस तसे करणे योग्य वाटत नाही. प्रश्न मुलांनी परदेशातून उचलला असला, तरी तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर आपल्याच घरात पडून आहे.

शिवाय कोरिया हा देश आपल्या या टापूस आता केवळ भूगोलाच्या पुस्तकातील राहिलेला नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई या कोरियन कंपनीने सन २०२३ मध्ये केला, हे येथील कित्येक घरांत पगारपत्रकाइतके जवळचे वर्तमान आहे. ज्या देशाची यंत्रे आपले पालक चालवितात, त्या देशाची गाणी मुलांनी गुणगुणावी, यात नवल ते काय?

ज्या वाचकांस त्या संगीताची माहिती नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. तेथील पद्धत अशी की, एखादी कंपनी कोवळ्या वयाच्या मुलामुलींस निवडून घेते. त्यांस गायन, नृत्य आणि परभाषा शिकविते. वर्षानुवर्षे तालीम करवून घेते, आणि मग त्यांतून पाचसात जणांचा एक संच बांधून लोकांपुढे आणते. संचाचे नाव मोठे होते. परंतु एका गाण्यात एकेकाच्या वाट्यास दोनचार ओळींहून अधिक क्वचितच येते. किम जुनसू नावाचा गायक अशाच पाच तरुणांच्या एका संचातून सन २००३ च्या डिसेंबरात प्रसिद्धीस आला. सन २००९ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी न्यायालयात दाद मागितली. तेरा वर्षांचा करार हा माणसाचे उमेदीचे सारे आयुष्य बांधून टाकणारा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तिघे बाहेर पडले, दोघे आत राहिले. बाहेर पडलेल्या तिघांस पुढे दूरचित्रवाणीवर गाण्याची संधी मिळणे अत्यंत कठीण झाले. त्यांच्या मार्गात अडथळे आणले गेले असा निर्वाळा पुढे सन २०१३ मध्ये तेथील सरकारी व्यापार आयोगानेच दिला.

मग त्या गायकाने काय करावे? त्याने नाटक धरले. सन २०१० च्या जानेवारीत सोल शहरात ‘मोझार्ट!’ या संगीत नाटकात तो नायक म्हणून उभा राहिला. मूळ नाटक व्हिएन्नाचे. पित्याच्या आणि धन्याच्या धाकातून सुटू पाहणाऱ्या एका संगीतकाराची कथा. ही भूमिका त्याच्या वाट्यास नेमकी त्याच वेळी यावी, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. सन २०१२ मध्ये त्याने स्वतःच्या एकट्याच्या गाण्यांचा संग्रहही काढला आणि त्याच वर्षी ‘एलिझाबेथ’ या दुसऱ्या संगीत नाटकात प्रत्यक्ष मृत्यूची भूमिका केली. त्याच्या आधी ओक जू-ह्यून नावाच्या गायिकेने हीच वाट चोखाळली होती. चार मुलींच्या संचातून सन १९९८ मध्ये ती पुढे आली, सन २००३ मध्ये एकटी गाऊ लागली आणि सन २००५ मध्ये ‘आयडा’ या संगीत नाटकाची नायिका झाली.

येथवर आमच्या विद्यार्थ्यांस सारे तोंडपाठ असते. पण बरोबर तीन गायक-नटांनी एक नामांकित मंडळी सोडली, त्यामुळे सारा समाज हळहळला, दोन तट पडले, आणि हे सर्व सोलमध्ये नव्हे तर आपल्या महाराष्ट्रात सन १९१३ मध्ये घडले, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक आहे? किर्लोस्कर नाटक मंडळी ही मराठी संगीत रंगभूमीची गंगोत्री. अण्णासाहेब किर्लोस्करांनी सन १८८० मध्ये पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि सन १८८२ मध्ये ‘सौभद्र’. या मंडळीत सन १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा कोवळा मुलगा आला. पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राने ज्यास डोक्यावर घेतले, तो हाच. मंडळीने त्यास शकुंतला दिली, ‘मानापमाना’तील भामिनी दिली, सारे वैभव दिले. आणि आठ वर्षांनी बालगंधर्व, गणेश गोविंद बोडस व गोविंदराव टेंबे हे तिघे मंडळीबाहेर पडून त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ उभी केली. पाच वर्षे लोटतात न लोटतात तोच, सन १९१८ मध्ये, मास्तर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हे तिघे त्याच किर्लोस्कर मंडळीतून निघाले आणि ‘बलवंत संगीत मंडळी’ जन्मास आली. पुन्हा तिघेच! त्याहीपूर्वी सन १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी जुनी मंडळी सोडून हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली होती. तेव्हा ते विशीच्याही आत होते.

या सर्वांस कृतघ्न म्हणावयाचे काय? आमच्या मते, नाही. वडाचे झाड मोठे असते, सावली गार असते, म्हणून त्याखाली दुसरा वड वाढत नाही. गंधर्व, ललितकलादर्श आणि बलवंत या मंडळ्या निघाल्या नसत्या, तर पुढच्या पंचवीस वर्षांतील उत्तमोत्तम नाटके कोणी केली असती? मूळ मंडळीस धक्का बसला, हे खरे. तिने शिकविण्याचे श्रम केले होते, खर्च सोसला होता, आणि तिच्या दुःखाकडे डोळेझाक करणे न्यायाचे नव्हे. परंतु शिकविणे हा काही आजन्म गुलामीचा सौदा नव्हे. शिष्याने गुरूचे ऋण मानावे. ते फेडावयाचे कसे, हे मात्र त्याच्या कलेस ठरवू द्यावे.

तिसरी गोष्ट कोरियाच्या वादात आमच्या मुलांस मुळीच सुचत नाही. सोडून जाणे म्हणजे वैर धरणे नव्हे. सन १९२१ च्या जुलैत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर उभे राहिले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. तीनच महिन्यांनी केशवराव कालवश झाले. त्या रात्रीची आठवण मराठी माणूस अद्याप काढतो ती कोण वरचढ ठरला एवढ्याचसाठी नव्हे. दोघे आले, यासाठी काढतो.

मात्र एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बालगंधर्व काय, दीनानाथ काय, हे एका रंगभूमीवरून दुसऱ्या रंगभूमीवर गेले. आमच्या विद्यार्थिनींचा खरा आक्षेप याहून निराळा आहे. एकट्याने गाऊन नाव मिळविलेल्या गायिकेने नाटकात जाऊच का, असे त्या विचारतात. स्वतःच्या नावाने गाणे गाण्याचा अधिकार इतक्या कष्टाने मिळविल्यावर पुन्हा दहा जणांच्या घोळक्यात, दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये बोलत उभे राहणे ही पायरी वरची की खालची? या प्रश्नास उत्तर देण्यासाठी आम्ही हिराबाई बडोदेकरांस साक्षीस बोलावितो.

हिराबाई सन १९०५ च्या. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही कन्या. आईवडील विभक्त झाल्यावर घर आईने सांभाळले. त्या काळी कुलवंत समजल्या जाणाऱ्या समाजात बाईने लोकांपुढे गाणे निंद्य मानले जाई. अशा काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि ते इतक्या शांत, सोज्ज्वळ बैठकीने केले की निंदकांची वाचा बसली. बाईचे गाणे केवळ गाणे म्हणून ऐकावयास महाराष्ट्रास त्यांनीच शिकविले. एवढे यश पदरी असता त्यांनी काय केले? भाऊ सुरेशबाबू माने आणि इतर भावंडे यांना घेऊन नाटक मंडळी चालविली, आणि ‘सौभद्रा’सारख्या नाटकांतून स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्या काळात स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. प्रेक्षकांस तेच सुंदर वाटे. स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे, आणि तीही पुरुष नटांच्या बरोबरीने, हे त्या काळी मोठेच धारिष्ट होते. धंद्याच्या दृष्टीने ही मंडळी टिकली नाही. हिराबाई पुन्हा मैफलीकडे वळल्या आणि अखेरपर्यंत मैफलीच्याच राहिल्या. परंतु त्यांनी उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही.

त्या दारातून पुढे ज्योत्स्ना भोळे आल्या. गोमंतकात जन्मलेली ही दुर्गा केळेकर सन १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात प्रथम दिसली. तिचे पती केशवराव भोळे यांचे त्या नाटकास संगीत होते. रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा आणि पदांच्या रांगांचा तो काळ; या नाटकाने पदे मोजकी केली, ती पात्राच्या मनःस्थितीतून उमलतील अशी बसविली, आणि प्रेक्षकांस गाणे संपल्यावर टाळीऐवजी क्षणभर स्तब्ध राहण्याची सवय लावली. सन १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाई भानुमती झाल्या. संगीत मास्तर कृष्णरावांचे. भानुमती ही स्वतःच्या कर्तृत्वावर उभी राहणारी, घराबाहेर नाव मिळविणारी विवाहित स्त्री. आणि ते नाव घरात कोणास कसे बोचते, हाच त्या नाटकाचा विषय. भावगीत गाणारी एक नामांकित गायिका हे पात्र होऊन गाते, तेव्हा गाणे तिचे राहते काय? राहते, परंतु आता त्यात दुसऱ्या एका बाईचे आयुष्य येऊन बसते. मैफलीत गायिका आपले सुख आणि आपले दुःख गाते. नाटकात तिला दुसऱ्याचे दुःख आपल्या गळ्यात वागवावे लागते. ही पायरी खालची खचित नव्हे.

आता सर्वांत आवडते उदाहरण आम्ही राखून ठेवले होते ते सांगतो, आणि त्यावर थोडे अधिक रेंगाळण्याची परवानगी वाचकांकडे मागतो. पंडित वसंतराव देशपांडे यांचा जन्म सन १९२० चा, वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. बालवयात बोलपटात श्रीकृष्ण झाले; नागपुरास, लाहोरास आणि पुण्यास गाणे शिकले. पुण्यास त्यांस शिकविणाऱ्यांत हिराबाईंचे बंधू सुरेशबाबू हेही होते. दीनानाथांच्या तेजस्वी गायकीचा त्यांच्यावर लहानपणीच खोल परिणाम झाला होता. एवढी विद्या जवळ असताना या माणसाने वर्षानुवर्षे काय केले? लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी! सकाळी कचेरी, संध्याकाळी गाणे. कोणत्याही एका घराण्याचा शिक्का नसल्यामुळे जाणत्यांनी त्यांस बराच काळ बैठकीच्या पहिल्या रांगेत बसविले नाही. नोकरी सुटली तेव्हा चाळिशी उलटून गेलेली होती.

आणि मग सन १९६७ उजाडले. त्या वर्षी जुलैत बालगंधर्वांनी इहलोक सोडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदे’ची. वसंतराव त्यात खाँसाहेब आफताब हुसेन झाले. वय सत्तेचाळीस. खाँसाहेब हा थोर गवई आहे. परंतु राजदरबारातील मानासाठी आणि घराण्याच्या अभिमानापायी तो मत्सराच्या आहारी जातो, एका भल्या माणसाचे घर उद्ध्वस्त होऊ देतो, आणि विद्या चोरून शिकू पाहणाऱ्या तरुणावर कट्यार उपसण्यापर्यंत त्याची मजल जाते. एरवी मैफलीत दैवी सूर लावून वाहवा घेणारा गायक येथे तोच दैवी सूर लावतो आणि प्रेक्षक त्याच्या सुरावर लुब्ध होत असतानाच त्याच्या वर्तनाने अस्वस्थ होतो. हे दोन्ही एकदम घडवून आणणे मैफलीत शक्य नाही, ध्वनिमुद्रिकेत शक्य नाही. त्यास नाटकच पाहिजे. ज्या घराण्याच्या शिक्क्यावाचून वसंतरावांस इतकी वर्षे बाहेर बसावे लागले, त्याच घराण्याच्या अभिमानाने आंधळा झालेला माणूस त्यांनी उभा केला, यातील मर्म जाणत्यांनी जाणावे.

कोणी म्हणेल, मग गायकाने नाटकात जावे आणि खुशाल गावे, इतकेच ना? नाही, इतकेच नव्हे. येथेच आमचा कोरियाच्या भक्तांशीही मतभेद आहे आणि जुन्या संगीत नाटकाच्या भक्तांशीही.

आपली संगीत रंगभूमी कशाने खचली? बोलपट आला, कर्जे झाली, युद्धे झाली, ही कारणे सर्वजण सांगतात आणि ती खरीही आहेत. सन १९३५ पर्यंत गंधर्व आणि बलवंत या दोन्ही मंडळ्यांच्या चालकांस बोलपटाचे दार ठोठवावे लागले होते. पण एक कारण प्रेक्षकांच्या अंगचे आहे, आणि ते सांगावयास लोक कचरतात. ते म्हणजे ‘वन्स मोअर’. एक पद तीनतीनदा मागावे, नायिका संकटात असता तिने तान घ्यावी, खलनायकाने हात उगारून ती संपेपर्यंत तिष्ठत राहावे, आणि पहाटेचा कोंबडा आरवला तरी चौथा अंक संपू नये, अशी ती रीत होती. गायकाच्या मोहाने नाटक मेले, आणि नाटक मेल्यावर गायकही निराधार झाला. जो गवई नाटकात येऊन आपली मैफलच पोशाख घालून करतो, तो नाटकाचा पाहुणा असतो, घरचा माणूस नव्हे. त्यास पारखण्याची कसोटी आमच्या मते एकच आहे: प्रसंगास नको असेल तेथे तो थांबतो काय?

कोरियातही असाच एक वाद ऐकू येतो. तेथील संगीत नाटकांत प्रसिद्ध गायकाचे नाव जाहिरातीत आले की तिकिटे हातोहात खपतात, आणि जन्मभर नाट्यकलेचीच साधना केलेले नट मागे राहतात, अशी तक्रार आहे. तक्रार खोटी नाही. परंतु तेथे एक चांगली रीतही आहे. एकच प्रमुख भूमिका दोन किंवा तीन नट आळीपाळीने करतात. आज प्रसिद्ध गायक असेल, उद्या मुरलेला नट असेल. प्रेक्षक दोन्ही पाहतात आणि तुलना करतात. जो केवळ नावावर आला, त्याचे उणे दुसऱ्याच दिवशी उघडे पडते. आपल्याकडेही असे करावयास काय हरकत आहे? ‘संयुक्त मानापमान’ पाहण्यास जो महाराष्ट्र लोटला, त्यास तुलनेची गोडी नाही असे कोण म्हणेल?

‘कट्यार’चे पुढील चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. सन २०१० मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी हेच नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले आणि आजोबांची भूमिका स्वतः केली. राहुल हेही मैफलीचे गायक. सन २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्यात शंकर महादेवन हे गायक पंडितजींच्या भूमिकेत स्वतः दिसले आणि स्वतः गाइले, तर खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगावकरांनी केली व त्यांच्यासाठी आवाज राहुल यांनी दिला. चित्रपटात एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा गळा चालतो, आणि उत्तम चालतो. रंगभूमीवर ते चालत नाही. तेथे ज्याला घाम येतो त्यानेच सूर लावावयाचा असतो. आमच्या विद्यार्थ्यांस कोरियन गायकांच्या नाटकांचे जे एवढे अप्रूप वाटते, त्याचे मूळही आम्हांस येथेच दिसते. संचात असताना त्या गायकाची जी दोन ओळींची ओळख होती, ती तीन तासांची होते. आणि चुकला तर सावरावयास जवळ दुसरे कोणी नसते.

आता आपल्या गावाकडे वळू. पिंपरी-चिंचवडास नाट्यगृहांची वाण नाही. चिंचवडास प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीस आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीस अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे, प्राधिकरणात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचे नवे नाट्यगृह झाले आहे. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन सन २०२४ च्या जानेवारीत याच नगरीत भरले, अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल होते. ज्या दिग्दर्शकाने सन १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची एक रांगच रंगमंचावर उभी करून तिचाच पडदा केला, त्याच्यापुढे ‘मंडळीत गाण्यात कमीपणा आहे’ असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही! इमारती आहेत, सोहळे झाले. उणीव आहे ती दुसरीच.

आमच्या विद्यालयातील बहुसंख्य मुलांचे पालक कारखान्यांत पाळ्या करतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. दुसऱ्या पाळीच्या माणसास संध्याकाळचे नाटक कधीच दिसत नाही. चाकणहून येणाऱ्यास तर नाशिक रस्त्यावरील गर्दीतून वाट काढीत पोहोचेपर्यंत पहिला अंक संपलेला असतो. अशा घरात मुलाचा गळा गोड निघाला, तर वडील त्यास भजनी मंडळात बसवितात आणि आयटीआयचा अर्जही भरून ठेवतात. यात आम्ही त्यांस दोष देणार नाही. पोट प्रथम. वसंतराव देशपांड्यांनी तरी काय केले? परंतु हिशेबाच्या वह्या लिहिताना त्यांनी तालीम सोडली नाही, आणि आमच्या मुलांस तालीम करावयास जागाच नाही, हा भेद आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा भरविते. भजनस्पर्धेत तयार झालेला गळा नाट्यस्पर्धेत का दिसू नये? दोन्हीकडची माणसे एकाच कारखान्याच्या फाटकातून आत जातात. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारा मात्र कोणी नाही. महानगरपालिकेने आपल्या नाट्यगृहांपैकी एका नाट्यगृहात, आठवड्यातून एक सकाळ, अशा गाणाऱ्या कामगारांस आणि विद्यार्थ्यांस तालमीसाठी विनामूल्य द्यावी, एवढे मागणे आम्हांस अवास्तव वाटत नाही. रात्रपाळी उतरलेला माणूस सकाळीच मोकळा असतो.

आणि विद्यालयाविषयी बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या स्नेहसंमेलनात अलीकडे यंत्रावर गाणे लावावयाचे आणि त्यावर ओठ हलवीत नाचावयाचे, असा प्रघात पडला आहे. कोरियन गाणे असो वा मराठी, गळा कोणाचाच लागत नाही. ज्या जुनसूच्या नावाने मुले भांडतात, तो तीन तास स्वतःच्या गळ्याने गातो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. आमची सूचना अशी आहे की, पुढील स्नेहसंमेलनात ‘सौभद्रा’चा एक प्रवेश बसवावा. पेटी आणि तबला एवढी साथ पुरे. ध्वनिक्षेपक शक्य तर बंद ठेवावा, म्हणजे मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे म्हणजे काय ते कळेल. सुभद्रा मुलगीच करील, हे हिराबाईंच्या कृपेने आता सांगावयास नको. कृष्णाच्या भूमिकेसाठी दोन मुले निवडावीत. एक चांगला गाणारा, एक चांगला बोलणारा. पहिल्या दिवशी एकाने करावी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, आणि तालमीस दोघांनीही रोज यावे. पदे तीनच ठेवावीत. आणि प्रेक्षकांत बसलेल्या पालकांस व विद्यार्थ्यांस पडदा वर जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे की, वन्स मोअर मिळणार नाही.